आता उजवीकडे बघा

सव्वीस वर्षं मी फर्दापूरहून निघतो
आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर लोकांना सांगतो,
आता उजवीकडे बघा.
मराठीत, हिंदीत,
आणि औरंगाबादच्या संध्याकाळच्या वर्गात
दोन हिवाळे घासून घेतलेल्या जर्मनमध्ये.
मला कुणी कधी असं सांगितलं नव्हतं.

मग कोब्लेन्झच्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी,
ज्यांची चप्पल मी दहा नंबरच्या लेण्याबाहेर
माकडाकडून सोडवून आणली होती,
तिकीट पाठवलं.
चपलेच्या बदल्यात विमान.
कौसा म्हणाली, बूट तरी नवे घ्या आता.

तर मी खिडकीपाशी.
गळ्यात माझ्या नावाची चिठ्ठी, स्पेलिंग चुकलेली.
सोबत एकोणचाळीस जण,
पुढे इर्मगार्ड, मिटलेली पिवळी छत्री उंच धरून.
आता उजवीकडे बघा, ती म्हणाली,
आणि माझी मान तिच्याकडेच वळली :
विनोदाआधी ती श्वास कुठे घेते,
किल्ल्याचं साल सांगताना अंगठा बोटांवर कसा फिरवते,
मागच्या बाकावर डुलकी घेणारा तिला कसा बरोब्बर दिसतो.

बाहेर द्राक्षांचे मळे, उभ्या चढाला जिने लावल्यासारखे.
पुढे जंगल, एवढं दाट
की भरदुपारी बसमध्ये दिवे लागले.
झाडांवर नंबर रंगवलेले.
हा ओक तीनशे वर्षांचा, ती म्हणाली,
आणि मला कळलं, हे वाक्य
तिच्या तोंडात किती गुळगुळीत झालंय,
माझं 'दोन हजार वर्षांपूर्वी' झालंय तसंच.

तिसऱ्या दिवशी ऱ्हाइनमधून बोट होती.
म्हणजे नव्हती. धक्क्याला साखळी.
नदी मधोमध आक्रसून पडलेली,
दोन्ही काठांचे गोटे उघडे,
त्यात कुणाच्या तरी सायकलीचं चाक.
इर्मगार्डने छत्री खाली घेतली.
चौदा वर्षांत, ती म्हणाली,
आणि पुढे तिच्याकडे वाक्य नव्हतं.
लोक फोन खिशात घालून
बसकडे बघायला लागले.

आणि मला, सांगायला लाज वाटते,
घरी आल्यासारखं वाटलं.
पुढे झालो. म्हटलं, बिट्टे,
मी वाघूरच्या काठचा.
वर्षातले आठ महिने मी लोकांना
नसलेला धबधबा दाखवतो.
त्याची एक रीत असते.
आधी दगडाचा रंग बघायचा,
काळा संपून पांढुरका लागतो ती पाण्याची उंची.
मग गोटे : गोल तो लांबून आलेला,
कंगोऱ्याचा तो इथलाच.
मग वाळूवर राहिलेली लाटेची घडी.
मग उकिडवं बसून हात खुपसायचा,
खाली ओल आहे का.

डॉक्टरीणबाई बसल्या.
एक डच म्हातारा बसला, गुडघे वाजवत.
माझी क्रियापदं वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत दमत होती,
तरी कुणी हसलं नाही.
इर्मगार्ड मागे उभी,
माझा श्वास कुठे पडतो ते मोजत असणार.

निघताना तिने पोस्टकार्ड दिलं :
नदी काठोकाठ, पांढरी बोट.
माझ्या झोळीत होतं एक, दहा रुपयांना विकतो ते :
सातकुंड, धो धो.
फोटो कुठल्या साली काढले,
तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

कौसाने दारातच विचारलं,
तिकडच्या नदीला पाणी किती?
आपल्याएवढंच, म्हटलं.
ती बॅग उचलत म्हणाली, थट्टा पुरे, हातपाय धुवा.

आता मे. लातूरचे मास्तर लोक आलेत, पस्तीस जण,
डोक्याला रुमाल, हातात काकड्या.
व्ह्यूपॉइंटवर पहिला प्रश्न ठरलेला,
धबधबा कुठंय?
मी छत्री वर करतो. पिवळी नाही, काळीच, उन्हाची.
आता उजवीकडे बघा, म्हणतो,
आणि पुढचं वाक्य येत असूनही
बोलत नाही.
तेवढं मी तिचं उचललंय.