कुलर बंद करून

तीन मिनिटं. त्याहून जास्त नाही.
मे महिन्यातल्या नागपुरात कुलर बंद ठेवायची
एवढीच मुदत, आणि तेवढ्यात ठरवायचं
कोणती जोडी ठेवायची, कोणती परत द्यायची.

बर्डीवरच्या घोरमारेनं शनिवारी दोन्ही दिल्या.
'घरी ऐका काका, सोमवारी सांगा.
दुकानात काय समजते, इथं तं सारेच भारी वाजते.'
एक अक्रोडी रंगाची, साडेसहा इंची, पाठीला भोक असलेली;
दुसरी राखाडी, पाच इंची, चहूकडून बंद,
चेहऱ्यानं गणिताच्या बाईंसारखी.

दोघींनाही स्वतःचा जीव नाही.
प्लग नाही, बटण नाही, दिवा लागत नाही.
ॲम्प्लिफायरची तार जोडली की बोलतात,
आणि एकीची तार उलटी जोडली तर गाणारा
खोलीच्या मधून उठून
कुठंतरी भिंतीत जाऊन बसतो.
म्हणून दीड व्होल्टचा सेल लावून पाहिलं,
कागदी शंकू पुढं उडी मारतो का.
मारली.
एवढं अजून येतं मला.

वरचे सूर मात्र येत नाहीत, डाव्या कानात.
खापरखेड्याच्या टर्बाइन हॉलमध्ये ठेवून आलो ते,
एकतीस वर्षांत, पाळीपाळीनं.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली होती,
चार हजारापाशी घाट उतरणारी.

म्हणून वही माझी, कान कुमुदचे.
ती चिंचोके काढत बसली होती.
'मला काय कळतं त्यातलं,' म्हणाली, आणि लगेच,
'या खोक्यात तंबोरा जड झालाय, जेवून आल्यासारखा.'
मी लिहिलं: अक्रोडी, खर्ज फुगतो.
विटांवर ठेवून पाहिली, भिंतीपासून दीड हात पुढं,
भोकात पायमोजा कोंबून पाहिला.
कुलर लावला. मान पुसली. पुन्हा बंद केला.

शेवटी ती कॅसेट काढली.
ब्याण्णव साल, रात्रपाळी, कंट्रोल रूम,
घोडेस्वार गातोय, कुणीतरी जेवणाच्या डब्यावर ठेका धरलाय.
अक्रोडी जोडीत तो गोड वाटला,
होता त्याहून गोड.
कुमुदनं मान डोलावली. 'हीच ठेवा.'

मग राखाडी.
घोडेस्वार जरा लहान झाला, घसा बसलेला,
डब्याचं झाकण सैल होतं तेही कळलं.
त्यामागचं मला काही ऐकू आलं नाही.
मला कुमुदचा चेहरा दिसला,
बोटांत चिंच तशीच.

'हे मागं काय वाजतंय?'
'कुठं?'
'शिट्टी आहे एक. बारीक.
तो श्वास घ्यायला थांबतो, ही थांबत नाही.'

'टर्बाइन,' म्हटलं. 'काचेच्या बंद दारातून येतं तेवढं.'
'आणि तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला?'

मी हातानं पलीकडची बाजू दाखवली,
जणू हॉल आमच्या मोरीच्या भिंतीमागेच होता.

किती वर्षं डबा भरून दिला तिनं त्या शिट्टीला.
मी घरी येऊन एवढंच सांगायचो,
आवाज असतो थोडा.

तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली.
कुलर कुणीच लावला नाही.
तिनं ती बाजू संपेपर्यंत ऐकली,
गाणं संपल्यावरही,
टेप खट्ट करून थांबेपर्यंत.
वहीवर माझ्या कोपराचा घाम, शाई पसरलेली,
राखाडीपुढचं काही वाचता येईना.

सोमवारी घोरमारे म्हणाला,
'काहून जी, भारीवाली वापस आणली?
तिच्यात तं मजा होती.'
'होती न,' मी म्हटलं.
त्यानं पाचशे कमी केले, तार फुकट दिली.

राखाडी जोडी आता फडताळात आहे, विटांसकट.
अजून कधी कधी सेल लावून बघतो, उगाच.
आणि कुमुद मला डावीकडून हाक मारत नाही.
चहा घेऊन येते ती खुर्चीला वळसा घालून,
उजवीकडे.