देवघेवीची खिडकी

लोहाओळीच्या मागे, दुसऱ्या माळ्यावर
आमचं वाचनालय.
खाली बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, किलोच्या भावानं खिळे.
वर पुस्तकं, महिन्याला वीस रुपये.
सव्वीस वर्षं मी देवघेवीच्या खिडकीत बसते.

हात पुढे येतो, मागून पुस्तक.
मी नाव लिहिते, क्रमांक, तारीख,
आणि माणूस तेवढ्यापुरता उघडा पडतो,
सुई टोचून घ्यायला बाही वर केल्यासारखा.

हेडाऊ मास्तर वेदान्ताखाली लपवून
भूतकथा नेतात.
वैरागडे वकिलांच्या सुनेनं
घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक चार वेळा नेलं,
चारही वेळा वर लोणच्यांचं ठेवून.
सायकलवाला इकराम: मूळव्याधीवर घरगुती उपचार,
मग तीन महिने काहीच नाही,
मग फारसी शिका, भाग पहिला.
मी शिक्का मारते. वर बघत नाही.
वर न बघणं हे या नोकरीतलं निम्मं काम,
कोणी शिकवलं नाही.

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना,
दोघे जण आले. एकाच्या हातात उसाचा रस.
त्यांनी एका पुस्तकाचं नाव घेतलं.
(ते इथंही लिहीत नाही मी.)
"कोणकोण नेऊन राहिलं, तेवढी नावं द्या न बाई.
सायबाचं काम आहे."
कागद?
"कागद उद्या आणतो न जी."
म्हटलं, मग नावंही उद्या.

रसाच्या ग्लासाचं ओलं वर्तुळ टेबलावर राहिलं.
पुसलं, तरी दिसत होतं.

संध्याकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरायचं असतं.
तेही माझंच काम.
रजिस्टर काखेत होतं, कापडी पाठीचं, वितभर जाड.
वाकले, आणि
पडलं म्हणा.
बॉलपेन मी कधी वापरला नाही. का, ते तेव्हा कळलं:
शाई आधी धुरासारखी निघाली,
मग पंपानं उचलली,
मग वाळ्याच्या ताट्यांवरून निळं पाणी झिरपायला लागलं
आणि रिकाम्या हॉलमध्ये गार वारा सुटला.
लोकांना वाऱ्यावर नाही सोडलं मी.
नावांना सोडलं.

दुसऱ्या दिवशी कागद आला, सहीशिक्क्यासकट.
रजिस्टर पावासारखं फुगलेलं.
"हे काय झालं जी?"
कूलर, म्हटलं.
मे महिन्यात नागपुरात कूलरवर कोणी शंका घेत नाही.

सचिव धकाते यांनी मेमो दिला,
पगारातून तीनशे चाळीस कापले, आणि विचारलं,
"आता पुस्तकं परत येतीन कशी?"
आली. बरीचशी.
तेरा अजून बाहेर आहेत, कोणाच्या उशीखाली, मला माहीत नाही.
माहीत नाही, हे म्हणताना
पहिल्यांदाच हलकं वाटलं.

ते एक पुस्तकही आलं,
दुपारी कोणी नसताना, पेटीत टाकलेलं.
आत खुणेला बसचं तिकीट: बर्डी ते कुठंतरी.
मी वाचलं नाही.
खोटं कशाला, वाचलं. मग फाडलं,
चार तुकडे, चार वेगळ्या दिवशी टाकले.

आणि तुम्ही, इथवर आलेले,
हेडाऊ मास्तरांना शोधायला निघू नका.
वरची नावं बदललेली आहेत. पुस्तकंही.
लोणच्यांवरचं एकही पुस्तक आमच्याकडे नाही.

जूनपासून संगणक येतो आहे.
धकाते म्हणाले, "बाई, यात एकदा गेलं
की कायमचं राहते. अन् याले पाणी लागू देऊ नका."
दर शनिवारी मी धंतोलीला शिकायला जाते.
शिकवणारी पोर नातीच्या वयाची.
पहिल्या दिवशी तिनं विचारलं, काय येतं तुम्हाला?
म्हटलं, लिहिता येतं.
पुसायचं कसं, ते आधी सांग.