तीन नंबरच्या लेथचा दिवा

दिनदर्शिकेत लिहिलंय : पुणे, चंद्रोदय नऊ तेवीस.
पण हडपसरात आमच्या शेडच्या पूर्वेला
गेल्या वर्षी बावीस मजले उभे राहिले,
तेव्हापासून शेवंताबाईंची संकष्टी
अर्धा तास लांबते.

आज त्या पॅकिंगच्या टेबलापाशी
डबा न उघडता बसल्या, आणि म्हणाल्या,
हा रोज उशिरा का येतो?
आणि आल्यावर असा कुरतडलेला का?
गंधे साहेब जाता जाता बोलले,
पृथ्वीची सावली हो, दुसरं काय.

साहेबांकडे डिप्लोमा आहे.
माझ्याकडे दोन इंची पोलादी गोळा होता,
पॉलिशला जायचा बाकी, अजून कोमट.

तौफिकला म्हटलं, बाकीचे दिवे घालव.
तीन नंबरच्या लेथचा तेवढा ठेवला. तो सूर्य.
बाईंचं डोकं पृथ्वी
(यावर त्या हसल्या)
आणि लांब केलेल्या हातात गोळा.

दिव्याकडे तोंड करा. काळा दिसतो ना?
उजेड त्याच्या पाठीवर पडलाय. ही अमावास्या.
आता डावीकडे वळा, सावकाश, गोळ्यासकट.
आधी उजव्या कडेला नखाएवढी रेघ.
मग फाक.
मग अर्धा. थांबा. ही अष्टमी.
यात सावली कुणाची पडली?
कुणाचीच नाही.
काळा भाग ही त्याची स्वतःची रात्र.
अर्धा गोळा कायम उजेडातच असतो, बाई,
अमावास्येलासुद्धा.
आपण कुठून बघतो, तेवढंच बदलतं.

त्या आणखी वळल्या, दिवा पाठीशी आला,
आणि गोळा विझला.
आता मात्र तुमच्या अंबाड्याची सावली. हे ग्रहण.

मग दर पौर्णिमेला का नाही?
तौफिकने विचारलं. पोरगं हुशार आहे,
टेपर काढताना तेवढं कल विसरतं.
बाईंना हात जरासा वर घ्यायला सांगितला.
पाच अंश. वाटच तेवढी तिरकी आहे त्याची.
सावली खालून निघून गेली
आणि गोळा असा उजळला
की माझ्याच टूलचे बारीक चरे दिसले,
दिवसा न दिसलेले.

उशिराचं म्हणाल, तर
आपण स्वतःभोवती एक फेरा संपवतो
तोवर तो पुढे सरकलेला असतो.
त्याला गाठायला आणखी पाऊण तास फिरायचं.
ओव्हरटाइमच म्हणा, बिनपगारी.

म्हणजे तो कमी होतच नाही, बाई म्हणाल्या.
नाही.
वाटलं, आता विचारतील, मग उपास कसला.
त्यांनी गोळा पदराला पुसून परत दिला.
उपास गणपतीचा आहे, म्हणाल्या.
चंद्र नुसतं घड्याळ.

दहाला पाच कमी असताना बाहेर आलो.
टॉवरच्या पाण्याच्या टाकीआडून निघाला,
वरून जरासा खरवडलेला.
आणि सूर्य आत्ता कुठे?
बाईंनी चपलेने कोबा ठोकला : इथे. खाली.
तिथूनच उजेड देतोय त्याला.
मग हात जोडले, डबा उघडला, आम्हाला मोदकाचा तुकडा दिला.

तौफिकने हात लांब करून
अंगठ्याने चंद्र मापायला घेतला
आणि त्यासाठी एक डोळा मिटला. डावा.

माझा तोच डोळा सतरा वर्षांपूर्वी एका किसाने नेला.
मला मिटावा लागत नाही.