टॅम्प्लीज

मस्कतमध्ये घुब्राच्या ऑफिसात एसी सोळावर, बाहेर सेहेचाळीस.
बिनॉयने फळ्यावर लिहिलं 'मुली', खाली तीन बाण :
गुलाबी. मांजर. सोपं.
म्हणजे पुन्हा कच्चं लिंबू, मी मनात म्हटलं.
आऊट झाली तरी आऊट नाही,
राज्य आलं तरी राज्य नाही.

चाचणीला जुवैना आली, अबायाच्या बाहीला पीठ.
सहा वर्षं खेळतेय 'अबू सालेम' नावाने, माइक बंद ठेवून.
म्हणाली, अवघड करा की. ड्रॅगन अजून मोठा चालेल.
फक्त
आणि तिचा फोन वाजला. सासू. गॅसवर काहीतरी.
तिने कंट्रोलर खाली ठेवला नाही, छातीशी धरला.
पडद्यावर तिची बाई
हातात तलवार असून उभ्याउभ्या मेली.
"हे," ती म्हणाली. "दर वेळी हे."

रात्री मला मिरजेचं पटांगण आठवलं.
आईची हाक आली की
मूठ ओठांना लावून ओरडायचे मी,
आणि माझ्यावर धावून येणारी सगळी पोरं
जागच्या जागी,
बंड्याचा तर एक पाय हवेत.

आता आमच्या खेळात एक बटण आहे.
दाबलं की बाई मूठ ओठांशी नेते.
बाण अधांतरी लटकतात,
ड्रॅगन आ वासून थांबतो, आग जिभेवर तशीच.

किती सेकंद? बिनॉय विचारतो.
तो रकाना मी अजून भरलेला नाही.
जुवैना म्हणते, भात शिजेपर्यंत.
मग म्हणते, थांब,
वाढणार कोण?