पल्ला

जालन्यात, मोंढ्यामागं, बेअरिंगच्या दुकानावरच्या खोलीत
रविवारी रात्री आम्ही पाच जण लढतो.
पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं घरं आखलेली; एक घर म्हणजे पाच फूट.
राक्षसाच्या जागी एक मोठा छर्रा,
पंखा वाढवला की आपोआप सरकतो,
आणि खेळ चालवणारा वैजनाथ म्हणतो,
"सरकला तर सरकला. त्याची चाल."

आज माझी नायिका चौथ्या पातळीवर पोचली.
तिला एक अनवट हत्यार शिकता येतं. एकच.
काटेरी साखळी, का चाबूक?

मी साखळीच्या बाजूचा.
सहा वर्षं रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर बसतोय,
साखळी मला ठाऊक आहे.
क्रेनवरून मोकळी लोंबते तेव्हा गरीब वाटते.
तुटली त्या दुपारी
भंगाराच्या ढिगापासून पत्र्याच्या भिंतीपर्यंत
एका दमात गेली,
आणि मधे उभा असणारा माणूस
नेमका तंबाखू मळायला बाहेर गेलेला.

पुस्तकातही तिचा मान मोठा:
दोन फासे, चार-चार पैलूंचे.
लांबच्यालाही गाठते, अंगावर आलेल्यालाही.
पायात गुंतवून पाड, हातची तलवार उडव.

सुमेधा हिशेबाची पक्की.
"चाबूक पंधरा फूट. तीन घरं लांब, मान्य.
पण मार किती? सहाचा फासा टाका आणि अर्धा करा.
शेळ्या वळवायला बरा."

"अन् खाली बघा," फैजान म्हणाला, "बारीक अक्षरात.
चिलखत असलं तर चाबूक लागतच नाही.
नुसतं कातड्याचं जाकीट असलं तरी नाही.
फक्त उघड्या अंगाला लागतो."

आम्ही हसलो. हे कसलं हत्यार!

अंकुश चहात बुडालेलं बिस्कीट बोटानं काढत होता.
"नियम बरोबर आहे," म्हणाला.

मग थोडं थांबून:
"माझा आजा पोतराज होता.
आजीच्या डोक्यावर मरीआई, गळ्यात ढोलकं,
अन् ह्याच्या हातात कोरडा, वाखाचा, पिळाचा.
हवेत वाजवायचा. आवाज जास्त, मार कमी,
ती त्याची कला.
पण बाजारात एखादा म्हणायचाच,
कामून रे, खोटं मारायलास का?
मग खरं मारून घ्यायचा."

फैजानच्या मुठीत फासा तसाच होता.
त्यानं विचारलं, खेळातलंच विचारल्यासारखं:
"किती जायचे? एका फटक्याला?"

अंकुशनं खरंच मनात मोजलं.
"एक. कधी दोन.
पण रोज.
अन् तुमच्या पुस्तकात लिहिलंय ना,
रात्रभर झोपलं की सगळं भरून येतं,
तसलं काही नव्हतं."

खाली कुणीतरी शटर ओढलं.

"मग कोरडा कुठंय आता?"
"बापानं आज्याची जट कापली त्या दिवशी
म्हशीला बांधला. लई वर्षं टिकला.
म्हैस गेली, तो होता."

वैजनाथनं माझ्या नायिकेचा कागद पुढं ओढला.
"बोल, काय लिहू?"
मी साखळीच घेतली.
दोन फासे म्हणजे दोन फासे.
पण एक राहवेना, म्हणून विचारलं,
चाबकाच्या आवाजाचा पल्ला किती?

पुस्तकात नव्हतं. मागच्या तक्त्यातही नाही.
"किती घरं रे?" वैजनाथनं अंकुशला विचारलं.

"वेशीत मारला," अंकुश म्हणाला,
"की शेवटचं घर दार उघडायचं.
कधी लावून घ्यायचं."

वैजनाथनं समासात काहीतरी लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं.
तेवढ्यात छर्रा
दोन घरं पुढं आला.