उत्तरेची भिंत

पाच छोट्या डब्या, भिंतीवर पाच चौकोन,
खाली पेन्सिलीने आकडे.
अच्युत म्हणतो, पाचही एकच आहेत,
पैसे तेवढे पाचदा गेले.

डब्यांवरच्या नावांवर माझा विश्वास नाही.
मी घरची नावं ठेवलीत.
पहिला, रात्रभर भिजलेल्या मुगाचं साल.
दुसरा, अळूचं पान पालथं,
जिथे वडीचं पीठ फासतात ती बाजू.
तिसरा राख, पण पाणी शिंपडलेली.
चौथ्याला नाव सुचत नाही.
पाचवा चौथ्यासारखाच.

नदी पुढच्या खोलीला मिळाली.
या खोलीच्या वाट्याला टेकडी,
शेजाऱ्यांचा कपडे वाळवायचा खांब,
आणि डंडीतला असा उजेड
की दुपारी तीनलाच दिवा लावावासा वाटतो.

जूनमध्ये माझा डावा मोतीबिंदू काढला.
उजव्याची तारीख नोव्हेंबरातली.
तोवर मी दोन घरांत राहते.
डावा झाकला की छत जुन्या तुपाचं,
उजवा झाकला की छत पांढरं,
इतकं पांढरं की कोपऱ्यातलं जाळं दिसून
मला लाज वाटते.

मॉरागच्या अंत्यविधीला
मी काळं म्हणून घातलेलं कार्डिगन
गर्द निळं आहे.
चर्चमध्ये कुणी काही बोललं नव्हतं.
अच्युतही नाही. त्याला अजून ते काळंच दिसतं.
त्याचे दोन्ही पिकतायत,
पिकले की बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आंब्याबद्दल बोलावं तसं.

म्हणजे तो खोटं बोलत नाही.
उजव्या डोळ्याने पाहिलं
तर पाचही एकच आहेत,
डाळीतून पाहिल्यासारखे.
डाव्याने पाहिलं
तर चौथा थोडा निळा, गार,
सकाळी बाहेर राहिलेल्या बादलीसारखा,
आणि मला तो आवडतो,
आणि अच्युतला तो कळणार नाही,
निदान दोन वर्षं तरी.

कुणाच्या डोळ्यांसाठी रंगवायची ही खोली?
आज जे आहेत, की जे येतील?
इथे बसून शब्दकोडं सोडवणार तो.
मी नुसती ये-जा करणार.

सोमवारी कॅलम आला,
शिडी, चादरी, कानामागे पेन्सिल.
चौथा, मी म्हटलं.
कुठला डोळा झाकून ठरवलं ते नाही सांगितलं.
पाचव्यावर बोट टेकवून
तो म्हणाला, हाच ना?

हो हो, तोच,
आतून अच्युत ओरडला.