साडेसात टक्के

या चांदीत साडेसात टक्के तांबं असतं, आबा.
निखळ चांदी मऊ, बोटांनी वाकते,
म्हणून.
आबा म्हणाले, म्हंजे भेसल.
मग बोटांवर काहीतरी मोजत बसले.
आम्हाला साडेबारा टक्के मिळाले होते,
आगराच्या बदल्यात.

त्याच साडेबारातली ही इमारत, घणसोलीत,
तिसरा मजला, टीव्हीखालचं काचेचं कपाट,
त्यात माझ्या एकोणीस मीठदाण्या.
सिंहाच्या पंजांवर उभी एक,
एक शिंपल्यासारखी,
एक अंगठ्याएवढी बादली, कडीसकट.
मिरपुडीची एकच, घुमटाला भोकं असलेली.
कानाशी धरून हलवली
की आत अजून काहीतरी सरकतं.
कुणाच्या जेवणातलं राहिलेलं, कोण जाणे.
मी झाकण उघडलेलं नाही.

पहिली जोडी ठाण्याला घेतली, चरईत.
ऑलिंडा परेरा मुलीकडे पर्थला निघाल्या होत्या,
खुर्च्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लागलेल्या.
मीठ हातात देऊ नये, भांडण होतं, म्हणाल्या,
आणि वाटी टेबलावर ठेवली.
मग मी उचलली.
आमच्यातही तसंच आहे, मी म्हटलं.
पैसे मात्र त्यांनी हातात घेतले,
दोनदा मोजून.

भिंगाखाली ठसे वाचायला शिकलो.
चालता सिंह. सालाचं एक अक्षर.
आणि नांगर.
शेतीचा का होरीचा? आबांनी विचारलं.
होडीचा. पण त्या गावाला समुद्र नाही.
आबा ठसका लागेपर्यंत हसले.
आमच्या गावाला खाडी आहे
आणि पत्त्यात नुसता सेक्टरचा आकडा.

मीठ चांदीला खातं.
म्हणून वाटीत निळी काच बसवलेली असते.
एकीची काच हरवली होती,
कुणीतरी तसंच मीठ ठेवून निजलं असेल,
रात्रभर, की वर्षभर,
तळाला काळे खड्डे पडले होते.
जांभळी नाक्यावरचे पोतदार म्हणाले,
हे घासून जायचं नाही.
खड्डा काढायचा तर भोवतालची चांदी काढावी लागेल.
राहू द्या, मी म्हटलं.
काच तेवढी करून घेतली.
आई पित्तावर घ्यायची त्या औषधाची निळी बाटली,
तिचा तळ कापला कोपरीच्या काचवाल्याने.
कड जरा वाकडी आली.

आबांनी ती वाटी तळहातावर घेतली,
काच बाजूला काढून खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.
त्यांच्या अंगठ्याला ठसा उरलेला नाही.
रेशनचं यंत्र त्यांना ओळखत नाही,
दुकानदार तीनदा दाबून बघतो,
कपाळाला हात लावतो,
मग माझा अंगठा मागतो.

येवऱ्याशा वाटीन मीठ?
मुंगीचं लगीन हाय का?

उठले, स्वयंपाकघरात गेले.
पिशवीतलं मीठ चिमटीत घेऊन परत टाकलं,
पीठ हाय हे.
देव्हाऱ्याखालून बरणी काढली,
दृष्ट काढण्यापुरतं राखलेलं,
शेवटच्या साली पिकलेलं,
आता त्याचा एकच दगड झालेला.
बत्त्याने फोडला.
एक कपची जिभेवर ठेवली, डोळे मिटले.
बांधाकरची कोंडी, म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, थोरल्या आत्याचं घर.

एक खडा त्यांनी निळ्या काचेत टाकला.
वाजला.
वाटी कपाटात ठेवायला मी हात पुढे केला
तर त्यांनी ती भातापाशी ठेवली,
टेबलावर,
माझ्या हातात दिली नाही.

रात्री पाणी प्यायला उठलो.
खिडकीतून खाडीचा दमट वारा येत होता,
खडा ओला झाला होता,
पाझरत होता.
सकाळी काढू, म्हटलं.

सकाळीही काढला नाही.
कड वाकडी आहे,
हे मला माहीत होतं.